मुखेडहून केलेला फोन, मुदखेडला गेलेली गाडी

हा ग्रुप मी बरीच वर्षं वाचते, पण खरं सांगू का — हसायला वाचायचे. लातूरच्या ऑफिसात जेवायच्या सुट्टीत इथला एखादा अनुभव मोठ्यानं वाचून दाखवायचा आणि सगळ्यांनी मिळून त्यातल्या चुका काढायच्या, हा माझाच उद्योग होता. भूत, चकवा, झपाटणं... कशावरच विश्वास नव्हता. भुतांवर आजही नाही. तरी लिहिते.

आम्ही मुखेडचे. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत घर. माझे मिस्टर बसवराज यांचं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान होतं. मुलगी लातूरला अकरावीला, हॉस्टेलवर. मी एका कंपनीत विम्याची कागदपत्रं तपासते. ऑफिस लातूरला, पण काम घरूनच, महिन्यातून एखादी चक्कर. कंपनीनं लॅपटॉपवर कॉलिंगचं सॉफ्टवेअर दिलंय. त्यात एक लाल बटण आहे. ते दाबलं की पुण्याच्या हेल्पडेस्कला फोन लागतो, आणि तुम्ही कुठं आहात ते सॉफ्टवेअर आपोआप ओळखून त्यांना आणि अ‍ॅम्ब्युलन्सवाल्यांना कळवतं. ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं — तुम्हाला बोलता आलं नाही तरी गाडी दारात येईल.

त्या दिवशी सकाळपासून गावात लाइट नव्हती. दुपारी मोबाइलची रेंजही गेली. इंटरनेट तेवढं इन्व्हर्टरवर चालू होतं. हे दुकानातून जेवायला आले, हात धुतले, "छातीत लई भरून आल्यासारखं होऊन राहिलंय गं," म्हणाले आणि भिंतीला टेकून खालीच बसले. अंग घामानं थबथबलेलं. मी लॅपटॉप ओढला आणि ते बटण दाबलं.

"मॅडम, लोकेशन आलंय स्क्रीनवर," पलीकडचा माणूस म्हणाला.

"मुखेड... बसस्टँडच्या मागं... माझ्या मिस्टरांच्या छातीत दुखतंय, लवकर —"

"गाडी निघाली मॅडम. जवळच आहे. पेशंटला हलवू नका."

शेजारचे अप्पा जीप घेऊन दारात आले. "पोरी, टाक गाडीत. दवाखाना काय लांब हाय?" मी स्पीकरवर विचारलं. "नको नको मॅडम, अ‍ॅम्ब्युलन्समध्ये ऑक्सिजन आहे. आलीच बघा." आम्ही थांबलो. मी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बोलत राहिले. काय सुचेल ते.

बऱ्याच वेळानं तो माणूस म्हणाला, "मॅडम, पेशंटला गाडीत घेतलंय. श्वास चालू आहे. नांदेडला निघालेत."

मी दाराकडं पाहिलं. गल्लीत अप्पांची जीप, दुसरं काही नाही.

"कुठला पेशंट? अहो, हे इथं आहेत! माझ्या मांडीवर आहेत!"

तो आवाज खाली आणून म्हणाला, "मॅडम... पुरुष, बेशुद्ध... ते तुमचे मिस्टर नाहीत?"

अप्पांनी मग कुणाचं ऐकलं नाही. दोघांनी उचलून जीपमध्ये घातलं. दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं आणि फक्त विचारलं, "एवढा वेळ कुठं होतात?"

ती गाडी गेली होती मुदखेडला. आम्ही नांदेडच्या अलीकडं, मुदखेड पलीकडं. तेही मुदखेड गावात नाही, तर गावाबाहेर कालव्याच्या कडेच्या पाणंदीवर. तिथं कुणीच दिसेना म्हणून ते परत फिरणार होते, तेवढ्यात एकानं वाकून पाहिलं. कोरड्या कालव्याच्या तळाशी एक माणूस, अंगावर मोटारसायकल. इम्रान त्याचं नाव, वेल्डिंगचं काम करतो. शेतावर गेट बसवायला निघाला होता. सकाळपासून तिथं पडलेला. आणखी थोडा वेळ गेला असता तर वाचला नसता म्हणे.

ह्यांचं दिवसकार्य झाल्यावर मी लातूरच्या ऑफिसात गेले. मॅनेजर म्हणाले, "मुखेड, मुदखेड... नावातला गोंधळ झाला हो. एका 'द'चा फरक." एका 'द'पायी माझा माणूस गेला, आणि हे मला चहा घ्या म्हणत होते.

सिस्टीम बघणारा गिरीश जिन्यात मागून आला. "ताई, नावाचा गोंधळ न्हाई. तुम्ही बोलायच्या आधीच लोकेशन गेलं होतं. तुमच्या नावावर दोनच पत्ते हायेत — हे ऑफिस आणि तुमचं घर. अन् गेलं काय, तर कालव्यातली ती नेमकी जागा. ती आपल्याकडं कुणी कधी भरलेलीच न्हाई."

"मग आली कुठून?"

"मला न्हाई सांगता येत."

पुढं कंपनीच्या मासिकात बातमी आली. सुरक्षा सुविधेमुळं एकाचा जीव वाचला, असं. मिस्टरांचा त्यात उल्लेख नाही.

मग एक दिवस इम्रान घरी आला. कुबडीवर. सोबत त्याची आई, तिच्या हातात साडीची पिशवी. मी "बसा" म्हटलं आणि तो माझ्याकडं टक लावून बघतच राहिला.

"ताई, राग नका धरू... मी तिथं पडलो होतो तवा एक बाई बोलून राहिली होती. डोळे मिटू नका, शनिवारी पोरीकडं जायचंय, तिला धपाटे न्यायचेत. मला वाटलं बायको हाय. पण माझ्या पोरी तर घरीच असतात. आत्ता तुम्ही 'बसा' म्हणलात... हाच आवाज होता."

ते मी ह्यांना म्हणत होते. मांडीवर डोकं घेऊन. जवळ फक्त अप्पा होते, आणि अप्पांनी इम्रानला कधी पाहिलेलंही नाही. फोनवरून ऐकू गेलं म्हणावं, तर फोन पुण्याला होता, कालव्यात नाही.

त्याच्या आईनं साडी पुढं केली. "बेटी, तेरे एहसान कैसे उतारूं..."

"अम्मा, मी तुमच्या पोरासाठी फोन केला नव्हता," मी म्हणाले. म्हणायला नको होतं असं लोक सांगतात. मला नाही वाटत. तिनं साडी परत मांडीवर घेतली आणि रडत बसली. मी उठून तिच्याजवळ गेले नाही.

गावात सगळे म्हणतात, बसवराज जाता जाता एक जीव वाचवून गेला, पुण्यवान माणूस. जाता जाता! त्यांना कुठं जायचं होतं? त्यांना जेवायचं होतं.

माझा आवाज कालव्यापर्यंत कसा गेला, ती जागा स्क्रीनवर कुणी टाकली, मला आजही माहीत नाही. पटेल असं काही कुणी सांगितलेलं नाही. मला दुसराच प्रश्न छळतो. तो आवाज इम्राननं ऐकला, शब्द न् शब्द. ह्यांनी ऐकला का?

इम्रान अधूनमधून फोन करतो. "ताई, बऱ्या हाव ना?" मी "हाव" म्हणते. परवा सांगत होता, मोठी पोरगी शाळेत पहिली आली. मला आनंद व्हायला हवा होता. नाही झाला.