चिंचेची सावली

डाळजच्या आमच्या शाळेच्या छतावर एक कंपनी स्वखर्चाने सौर पॅनेल बसवून आम्हाला स्वस्तात वीज देणार होती. मोजमाप घ्यायला पन्नाशीचे एक गृहस्थ आले. शाळेचं छत म्हणून त्यांनी चपला खालीच काढल्या.

"चिंचेची सावली छतावर पडते. झाड तोडायचं ठरलंय," मी सांगितलं. माझ्या वर्गातली पोरं रोज त्या चिंचेखाली जेवायला बसतात.

ते दिवसभर तासातासाला अनवाणी वर जाऊन खडूने सावलीची कड आखत राहिले.

संध्याकाळी म्हणाले, "बाई, पॅनेल शाळेच्या पल्याडच्या इमारतीवर बसत्यात. चार कमी बसतील, पण झाड ऱ्हाऊ द्या."

"कंपनी ऐकेल?"

"सांगतो की मी. ऊन वाढू नये म्हणूनच ह्यो समदा खटाटोप हाय न्हवं? मग सावलीच कशी तोडायची?"

मी इतकी भारावले की आभार मानायचे राहिले, नावही विचारलं नाही. आता रोज मनातल्या मनात आभार मानते.

महिन्याभराने पॅनेल बसवायला दुसरीच माणसं आली. त्यांच्या नकाशावर चिंचेभोवती गोल काढून लिहिलं होतं, 'झाडाला हात लावू नये.'