मामांच्या गोळ्या

पालघर स्टेशनापासून मासवणपर्यंत ज्याचं डोकं, दाढ किंवा गुडघा माझ्या बायकोच्या मामांच्या तावडीतून सुटला, असा माणूस त्या काळात निघाला नसता. मामा निवृत्त शाळामास्तर. औषधशास्त्राशी त्यांचा संबंध एवढाच, की त्यांच्या कोटाच्या खिशात तपकिरीची एक जुनी डबी असे आणि ती ॲस्पिरिनच्या गोळ्यांनी भरलेली असे. समोरच्यानं नुसतं कपाळाला हात लावला, तरी डबी उघडायची. एकदा आमच्या कचेरीतले हेडक्लार्क काहीतरी आठवावं म्हणून डोळे मिटून बसले होते. मामांनी त्यांच्या तळहातावर दोन गोळ्या ठेवल्या आणि पाणी मागवलं. हेडक्लार्कनी भिडेखातर त्या गिळल्या. काय आठवायचं होतं, ते मात्र शेवटपर्यंत आठवलं नाही.

"जावईबापू, दुखणं सोसणं हा निव्वळ अडाणीपणा आहे," असं ते मला दर रविवारी सांगत. स्वतः रोज चार गोळ्या खात. दोन डोकं दुखतं म्हणून आणि दोन उद्या दुखू नये म्हणून. तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम सुरू झालं, तेव्हा यंत्रांच्या आवाजानं तिथल्या मजुरांची डोकी दुखत असणार, या विचारानं ते बोईसरपर्यंत जाऊन आले. मुकादमानं त्यांना गोळ्या विकणारा फेरीवाला समजून हाकललं. "चलो चाचा, आगे बढ़ो!" हा अपमान मामांनी एका जादा गोळीवर निभावला.

तर असे हे मामा हर्नियानं आडवे झाले. ऑपरेशन करायचं ठरलं. मी त्यांना गावातल्या सर्जनकडे घेऊन गेलो. डॉक्टर तरुण होते, कमी बोलणारे. त्यांनी विचारलं, "रोज काही औषध घेता?"

"छे! चहाशिवाय व्यसन नाही," मामा म्हणाले. मी त्यांच्याकडे पाहिलं, तर ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होते. आणि मी, भाचीचा नवरा, भिडेनं गप्प बसलो. त्या गप्प बसण्याची लाज मला आजही वाटते.

बाहेरच्या बाकावर किनाऱ्यावरच्या नवापूरची मासेवाली बसली होती. मामांच्या दारावर रोज बोंबील घेऊन येणारी. पोटात जळजळतंय म्हणून आली होती. आम्हाला सोडायला डॉक्टर दारापर्यंत आले आणि त्यांनी तिला विचारलं, "बाई, काही गोळ्या खाल्ल्यास का?"

"खाल्ल्या ना! डोक्यावर टोपली, मान दुखते. म्हनून या मास्तरांनी दिल्या. सकालच्या पारी, उपाशीपोटी. रोजच देतात, आन सोताबी खातात."

मामांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. शाळेत कॉपी करताना पकडलेल्या मुलाचा चेहरा त्यांनी तीस वर्षं पाहिला होता. त्या दिवशी तो त्यांच्याच धडावर होता.

डॉक्टर आवाज न चढवता म्हणाले, "मास्तर, या गोळीनं रक्त लवकर थांबत नाही. मी पोट उघडल्यावर रक्त थांबलं नसतं, तर मी कारण शोधत बसलो असतो. आणि ते कारण तुमच्या खिशात! ऑपरेशन दहा दिवस पुढे. तोवर ही गोळी बंद. दुखलं तर मला सांगा, दुसरं काही देईन. आणि या बाईच्या पोटाला तुमचं औषध पुरे झालं."

ते दहा दिवस मामांनी असे कुरकुरत काढले, की आळीतल्या प्रत्येकाला वाटावं, दुखतंय ते आपल्यालाच. पण ऑपरेशन नीट झालं. आता सुटलो, असं मी मनात म्हणतो न म्हणतो, तोच मामांनी दुसरं टोक गाठलं. सिस्टर वेळेवर गोळी आणायच्या आणि मामा तोंड घट्ट मिटायचे. "आम्ही वाईट औषधं खाणारे लोक. आम्हाला नको." खोकला आला तरी दाबायचे. कुशीवर वळेनात, उठेनात. तिसऱ्या दिवशी छातीत कफ दाटला आणि अंगात ताप भरला. माझी बायको पायथ्याशी बसून रडायला लागली.

डॉक्टर आले. स्टूल ओढून बसले. "आधी न विचारता घेत होतात, आता सांगूनही घेत नाही. दोन्ही वेळा डॉक्टर तुम्हीच! अहो, दुखतं म्हणून तुम्ही खोकत नाही, आणि खोकत नाही म्हणून हा कफ. ही गोळी वेगळी आहे. मी ठरवलीय, मोजून दिलीय. किती दुखतंय, एवढंच खरं सांगा."

मामांनी नजर पंख्याकडे वळवली. मग म्हणाले, "पुष्कळ."

चार चमचे पेज आणि गोळी पोटात गेली. तासाभरानं उशी पोटाशी धरून ते खोकले आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्या दंडाला धरून व्हरांड्यात चालले. मी थट्टेनं म्हटलं, "काय मामा, एवढा हट्ट कशासाठी?"

"त्या बाईच्या पोटात माझ्यामुळे आग पडली. म्हटलं, आपल्यालाही दुखू दे." चार पावलं टाकून ते थांबले. "तुमच्या मामी गेल्या, तेव्हा मी मनोरच्या बाजूला एका शाळेवर होतो, बिऱ्हाडही तिथेच. पावसानं रस्ता बंद. तीन दिवस ती कण्हत होती, जावईबापू. घरात सुंठ होती आणि ओवा. बाकी काही नव्हतं."

इतकी वर्षं मी त्यांना हसत आलो होतो. त्या व्हरांड्यात मी त्यांचा कोपर नीट धरला.

पुढे सात-आठ वर्षं ते होते. काही दुखलं की सरळ सांगायचे, आधी डॉक्टरांना, मग मला. मी वर्तमानपत्र वाचता वाचता "हं, हं" करायचो. आता माझंही वय तेवढं झालं आहे. गुडघे दुखतात. डॉक्टरांना मी सगळं खरं सांगतो. नंतर घरी येऊन आणखी कुणाला तरी सांगावंसं वाटतं, तेव्हा मामांच्या बोलण्याकडे नीट लक्ष दिलं असतं तर बरं झालं असतं, असं वाटत राहतं.