कुलूप असलेल्या दारावरची थाप

चेन्नईतल्या आमच्या वेलचेरीत राघोत्तममामांना सगळे जरा चक्रमच समजायचे. मीही समजायचे, खोटं कशाला बोलू? माणूस रेल्वेच्या डबे कारखान्यातून निवृत्त झालेला, मूळचा तंजावरचा मराठी, आणि उद्योग काय, तर गल्लीतल्या माणसांना गोळा करून बचाव पथक चालवायचं! दोरखंड, लॉरीच्या ट्यूबा आणि एन्नोरच्या कोळ्यांकडून मागून आणलेली एक जुनी होडी. पगार नाही, गणवेश नाही. रविवारी सराव, आणि चुकलात की बोलणी. मी आठवडाभर सिरुसेरीत कॉम्प्युटरपुढे मान मोडायचे, म्हणून एका रविवारी सहज अंग हलवायला गेले आणि अडकले ती अडकलेच.

मला नवल वाटायचं ते मामांच्या एका सवयीचं. सरावात आम्ही घरोघरची दारं वाजवत जायचो. मामा बाहेरून कुलूप असलेली दारंसुद्धा वाजवायला लावत. बरं, वाजवून पुढे जायचं नाही, थांबायचं. किती वेळ? "म्हातारं माणूस अंथरुणातून उठून दारापर्यंत येईल इतका," मामा म्हणत. अहो, पण कुलूप आहे ना! असं मी म्हटलं, की ते आपले तमिळमध्ये "सरी, सरी", म्हणजे बरं बरं, म्हणत आणि तिथेच उभे राहत.

दुसरं नवल त्यांच्या देवघरात होतं. बालाजीच्या तसबिरीशेजारी एक गंजलेलं, तुटकं कुलूप. त्यालाही रोज एक फूल! मी एकदा खोदून विचारलं, तर त्यांच्या पत्नी, प्रमोदिनीमामी, लगबगीने कॉफी करायला आत गेल्या आणि मामांनी विषय बदलला. तेव्हापासून माझ्या डोक्यात तो किडा वळवळत होता.

दोन हजार पाचच्या पावसात वेलचेरी बुडाली. सकाळी घोट्याला लागणारं पाणी दुपारी कमरेवर गेलं. आमच्यातला जनकोजी होडी वल्हवत होता, मी दोर घेऊन मागे, मामा पुढे. एका इमारतीच्या तळमजल्यावर दाराला हे भलंमोठं कुलूप. वरच्या गॅलरीतून एक बाई ओरडल्या, "तिथे कोणी नाही, नवरा-बायको दोघंही ऑफिसला गेलीत!" समोरच्या गच्चीवरून माणसं आम्हाला हाका मारत होती. मामांनी दारावर थाप मारली. आतून काही नाही.

"मामा, चला ना आता!" मी अक्षरशः किंचाळले. पाणी चढतंय, तिकडे माणसं जिवाच्या आकांताने बोलावताहेत, आणि हे आपले बंद दाराला कान लावून! मामांनी मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. जनकोजी खांब धरून होडी सावरत राहिला. मला इतका संताप आला होता, की रडू फुटायचंच बाकी होतं.

आणि आतून टकटक झाली. अगदी हलकी, बोटांची.

मामांनी पहार घालून कुलूप तोडलं. आत त्या घरातल्या कृष्णवेणीआजी कमरेइतक्या पाण्यात दाराला टेकून उभ्या होत्या. इतका वेळ जेवणाच्या टेबलावर बसून होत्या. थाप ऐकून उतरल्या आणि भिंत धरधरून आल्या. हाक मारायला आवाजच उरला नव्हता. होडीत घेतल्यावर थोड्या वेळाने कशाबशा काय पुटपुटल्या असतील? "कुलूप लावा हो परत, अमोघ रागावेल." अमोघ त्यांचा मुलगा. आजी मागे दोनदा रस्ता चुकल्या होत्या, म्हणून तो काळजीपोटी बाहेरून कुलूप लावून कामावर जायचा.

संध्याकाळी अमोघ पाणी तुडवत, धडपडत शाळेत आला. पुरातली माणसं आम्ही तिथेच आणून ठेवली होती. आईला बघितलं आणि तो तिचे पाय धरून बसला. आता मामा याची चांगली हजेरी घेणार, असं मला वाटलं. घ्यावीच, असंही मनापासून वाटलं.

मामांनी खिशातून त्याच्या घराचं तुटलेलं कुलूप काढून त्याच्या हातात ठेवलं.

"ठेव जपून," ते म्हणाले. "माझ्याकडे माझं आहे. पंच्याऐंशीच्या पुरात लोक माझ्या दाराचं कुलूप बघून पुढे गेले. आत अम्मा होती."