धाकटा, वय चौपन्न

त्या सलूनमध्ये तीन खुर्च्या. दाराजवळची दादांची, बेसिनजवळची पोराची, आणि मधली, जिच्यावर गिऱ्हाइकापेक्षा वर्तमानपत्रच जास्त बसतं, ती धाकट्याची.

धाकटा चौपन्न वर्षांचा आहे. काळ्याचे पांढरे झाले, उभं राहून राहून पोटऱ्यांच्या शिरा फुगल्या. पण मिसरूड फुटायच्या वयात तो वडिलांच्या शेजारी कात्री धरून उभा राहिला, तेव्हा गिऱ्हाइकं म्हणायची, "आम्ही थोरल्याकडूनच कापणार बुवा. धाकट्याला आधी भोपळ्यावर शिकू दे." भोपळ्यावर शिकून झालं. थोरल्याचे 'दादा' झाले. भोपळा म्हणणारी निम्मी माणसं वरही गेली. धाकटा मात्र धाकटाच राहिला.

त्याची बायको आल्यागेल्याला सांगते, "स्थळ आलं तेव्हा म्हणाले, मुलगा दुकानातला धाकटा आहे. मी घाबरत घाबरत विचारलं, मग थोरल्याची बायको स्वभावाने कशी? तर थोरला म्हणजे सासरेच!" सगळे हसतात. धाकटाही हसतो, सवयीने.

दादांच्या खुर्चीत दादांच्या बरोबरीचे बसतात. त्यांच्या डोक्यावर आता कापण्यासारखं फारसं नाही, त्यामुळे दादांची कात्री केसांपेक्षा हवेतच जास्त चालते. कच कच, कच कच, अगदी कानाशी. तो आवाज ऐकला की म्हातारे डोळे मिटतात आणि 'आपल्या वेळी' सुरू करतात. पोराच्या खुर्चीत पोरं. मोबाईलवर फोटो दाखवायचा, "असा मार" म्हणायचं, आणि कानावरचे केस इतके बारीक करून घ्यायचे की दादा पलीकडून ओरडतात, "टायफॉइड झाला होता का रे?"

"आजोबा, स्टाईल आहे ती."

"असेल. आमच्या वेळी औषध देत होते त्यावर."

राहता राहिले धाकट्याच्या वयाचे. त्यांनी तरी मधल्या खुर्चीत बसावं? त्याचा शाळेतला बाकमित्र विमा विकतो. एकदा मधली खुर्ची रिकामी दिसत असूनही तो दादांसाठी थांबून राहिला.

"बस की," धाकटा म्हणाला. "माझ्या हाताला काय खरूज झालीय?"

"तसं नाही रे. दादा मला 'ए बाळ, मान खाली' म्हणतात. आता मला बाळ म्हणणारं घरी कोण उरलंय?"

"मग पोराकडे बस."

"गेल्या वेळी तिथेच बसलो होतो. काळं करून दिलं पठ्ठ्याने. दहा वर्षं उडाली."

"आणि माझ्याकडे?"

बाकमित्राने आरशात पाहिलं. दोघांची पोटं, दोघांचे चष्मे, शेजारी शेजारी. "तुझ्याकडे बसलो," तो म्हणाला, "की मी जेवढा आहे तेवढाच दिसतो."

धाकट्याला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. दाराजवळची खुर्ची. तिथे उजेड चांगला, रस्ता दिसतो, आत येणारा माणूस पहिल्यांदा तिथल्या माणसाशी बोलतो. तिथे उभं राहिलं की आपण थोरले, असं त्याने मनाशी पक्कं धरलं होतं. फक्त दादा थकायची खोटी. पण दादा थकेनात.

शेवटी थकले ते त्यांचे डोळे. एका सकाळी त्यांनी पोस्टमास्तरांच्या कानाची पाळी कापली. हे पोस्टमास्तर निवृत्त होऊन जमाना झाला, तरी दादांशिवाय कुणापुढे त्यांनी मान वाकवलेली नाही. कानाला कापूस लावून ते म्हणाले, "असू दे दादा. दुसरा आहे." सगळे हसले. दादा हसले नाहीत.

त्या दिवशी जेवताना ताटातून मान वर न करता ते म्हणाले, "उद्यापासून मी येत नाही. दाराजवळ तू उभा राहा."

धाकट्याचा घास हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी त्याने इस्त्रीचा शर्ट घातला. बायको म्हणाली, "अहो, मुलगी बघायला निघालात का?" दुकानात जाऊन त्याने पहिल्या खुर्चीचा पंप तेल देऊन सैल केला, कातडं पुसून पुसून चकचकीत केलं, आपली कात्री तिच्यासमोरच्या फळीवर मांडली आणि दोन पावलं मागे जाऊन पाहिली.

"बाबा," पोरगा म्हणाला, "मग आता मधली काढून टाकू? तिथे बाक सरकवतो. थांबणाऱ्यांना बरं पडेल."

"काढ."

"नक्की? परत बोल्ट बसणार नाहीत हां. फरशी फुटेल."

"अरे, काढ म्हटलं ना!"

इतकी वर्षं जिच्यामागे उभा राहिला, तिच्याकडे त्याने वळूनही पाहिलं नाही. खुर्ची मागच्या अंधाऱ्या खोलीत गेली. तिच्या जागी फरशीवर चार भोकं आणि एक पांढुरका गोल राहिला, त्यावर बाक आला.

थोड्या वेळाने बाहेरून हाक आली, "धाकटा आहे का?"

"आहे, या!" हा कापड झटकून उभा.

दारात एक तरुण. गोंधळला. "तुम्ही नाही हो काका. धाकटा. तो मशीनवाला."

"ये रे, बस!" आतून पोराने हात वर केला. इतक्या सहज, जणू बारशाला हेच नाव ठेवलं होतं.

धाकट्याने झटकलेलं कापड पुन्हा घडी करून ठेवलं. ज्या नावाला जन्मभर शिव्या घातल्या, ते गेलं तेव्हा कुणी खिसा कापावा तसं वाटलं त्याला. त्याने स्वतःला समजावलं: गेलं तर गेलं. आता थोरला म्हणतील.

तेवढ्यात पोस्टमास्तर आले. कानाला अजून कापूस, आणि कालचे अर्धे केस कापायचे राहिलेले.

"दादा कुठंयत?"

"आता इथे मी आहे. बसा ना."

"बसतो की." आणि ते बाकावर बसले. "दादा येईपर्यंत."

"दादा आता येणार नाहीत."

"कोण म्हणतं?"

"दादाच म्हणतात."

"मग त्यांनाच विचारून येतो." आणि काठी टेकत ते मागच्या गल्लीतल्या घराकडे निघाले. धाकटा रिकाम्या खुर्चीमागे उभा. मागे सरावं तर मधली खुर्ची नाही, बसावं तर गिऱ्हाइकाच्या खुर्चीत दुकानदाराने बसायचं नसतं, ही दादांचीच शिकवण.

परत आले ते दादांचा हात धरून.

"घरी बसून काय करू?" दादा कुणी न विचारताच म्हणाले. "भिंतींची हजामत?"

पोस्टमास्तर ऐटीत खुर्चीत बसले. जाडजूड चष्मा काढून फळीवर ठेवला. चष्म्याशिवाय त्यांना आरशात नुसतं धुकं दिसतं. त्यांनी डोळे मिटले. दादांनी कात्री उचलली. टोक कानाच्या दिशेने निघालं, कापूस लावलेल्याच कानाच्या, आणि धाकट्याने पटकन मनगट धरलं.

दादांनी हात सोडवून घेतला नाही. नुसती मान कलती केली आणि त्याच्या कानात पुटपुटले, "तू काप. मी वाजवतो."

"काय?"

"बोलू नकोस. तो ओळखेल."

आणि दादांची कात्री हवेत चालू लागली. कच कच, कच कच. त्या तालावर धाकट्याने कापायला सुरुवात केली. मानेवरची रेघ, कानामागचे चुकार केस, कापसाच्या कडेने हळुवार. डोळ्यात तेल घालून कापलं. असं डोकं त्याच्या हातून आजवर उतरलं नव्हतं. पलीकडे पोराचं मशीन थांबलं होतं. तो तोंड उघडं टाकून बघत होता. त्याने खुणेनेच विचारलं, सांगू का त्यांना? धाकट्याने मान हलवली. नको.

"वा दादा," मिटल्या डोळ्यांनी पोस्टमास्तर म्हणाले. "हात अजून तसाच आहे. कालचं जाऊ द्या. बागेतल्या कट्ट्यावर सांगतो सगळ्यांना, दादा आहेत म्हणून."

"सांगा," दादा म्हणाले.

"कसं आहे, धाकट्याच्या हाताला वजन नाही. त्याच्यावर सोपवलंत तर बुडेल दुकान."

कात्री हवेत क्षणभर अडखळली. धाकट्याचीही, केसांत.

"शिकेल," दादा म्हणाले. "हळूहळू."

"आणि आहे कुठे तो?"

धाकट्याने श्वास रोखून धरला. वीतभर अंतरावर पोस्टमास्तरांची गुलाबी टाळू होती. त्याच्या नाकात एक पांढरा केस शिरला होता, आणि शिंकायची सोय नव्हती.

"असेल इथंच कुठंतरी," दादा म्हणाले. मग त्याच्याकडे झुकून, फक्त त्याला ऐकू जाईल असं, "हळू काप रे. मला इतकं भरभर वाजवता येत नाही."

धाकट्याने हात हळू केला.