स्टोअर्स १, डिस्पॅच १

नव्वदच्या दशकाच्या मध्यात मी नेटवर्क इंजिनीअर होते. म्हणजे व्हिजिटिंग कार्डावर तसं छापलेलं होतं. प्रत्यक्षात मी कारखान्यांच्या ऑफिसांत टेबलांखाली रांगत काळी केबल ओढायचे. डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीत आई सगळ्यांना सांगायची की मुलगी कॉम्प्युटरमध्ये आहे. कॉम्प्युटरमध्ये नक्की कुठे, हे कोणी विचारत नसे. सलवारच्या गुडघ्यांवर धूळ घेऊन रोज घरी येणारी ही कसली इंजिनीअर, असा प्रश्न शेजारच्या काकूंना पडत असणार, पण त्या दिवसांत कॉम्प्युटर म्हटलं की लोक सगळंच माफ करत.

आमची कंपनी वर्तकनगरात दोन खोल्यांच्या एका ब्लॉकमध्ये होती. बाहेरच्या खोलीत साहेब बसत, आतल्या स्वयंपाकघरात मी, आणि ओट्यावर कनेक्टर, नेटवर्क कार्डं, केबलची भेंडोळी. साहेबांना स्वतःला केबलचं एक टोक जोडता येत नसे, पण प्रपोजल मात्र असं लिहीत की वाचणाऱ्याला आपला कारखाना कालपर्यंत अंधारात होता असं वाटावं. एका गिऱ्हाइकासाठी लिहिलेलं प्रपोजल नाव बदलून पुढच्या सगळ्यांना जायचं. टाइप मी करायचे, साहेब बाहेर असले की त्यांच्या वतीने सहीही मीच ठोकायचे. एका रंगाच्या कारखान्याला आम्ही 'आपल्या बिस्किटांच्या उत्पादनात' क्रांती करून देण्याचं वचन दिलं होतं. त्यांनी ऑर्डर दिली.

मग वागळे इस्टेटमधल्या एका पंप बनवणाऱ्या कारखान्याचं काम आलं. तिथे ऑफिसात आधीचेच चार-पाच कॉम्प्युटर एका केबलवर होते. ती केबल दोन्ही बाजूंना वाढवायची होती, एक टोक स्टोअर्समध्ये आणि दुसरं डिस्पॅचमध्ये. शिवाय सर्व्हरवरचं पाच जणांपुरतं सॉफ्टवेअर काढून दहा जणांचं, नव्या आवृत्तीचं टाकायचं होतं. त्या काळचं नेटवर्क म्हणजे एकच लांब दोरी आणि तिच्यावर वाळत घातलेली मशीनं. दोरीच्या दोन्ही टोकांना अंगठ्याएवढं एकेक बूच लावावं लागे. ते नसलं की सिग्नल टोकावर आपटून मागे फिरे आणि सगळी मशीनं एकदम मुकी होत. त्या बुचाला टर्मिनेटर म्हणत आणि ते बसवण्याच्या कामाला टर्मिनेशन.

मी कामाचा कागद पाठवला. इंग्रजीत पाठवला, कारण टेबलाखाली रांगण्याचं काम इंग्रजीत लिहिलं की उभ्याने केल्यासारखं दिसतं. रविवारी सर्व्हर अपग्रेड. टर्मिनेशन, स्टोअर्स १, डिस्पॅच १. बस, इतकंच.

तो कागद कारखान्याच्या पर्सोनेल ऑफिसरांच्या हाती पडला. हे गृहस्थ नोटीस बोर्डावर जगत. पाण्याच्या माठावरचं झाकण कोणी उघडं ठेवलं तरी दुपारपर्यंत त्यावर नोटीस लागे. त्यांनी माझ्या कागदावरून सुवाच्य मराठीत लिहिलं: 'सर्व कामगारांना कळविण्यात येते की, येत्या रविवारी संगणक कंपनीमार्फत स्टोअर्स १ व डिस्पॅच १ असे एकूण दोन टर्मिनेशन करण्यात येतील. संबंधितांनी सहकार्य करावे.'

वागळे इस्टेटमध्ये तेव्हा टर्मिनेशन हा शब्द इंग्रजी राहिलेला नव्हता. आजूबाजूच्या कारखान्यांच्या गेटांना एकेक करून कुलपं लागत होती, आणि ज्याला स्वतःचं नाव इंग्रजीत लिहिता येत नसे तोही नोकरी जाण्याचा हा शब्द बरोबर उच्चारायचा. त्यातून स्टोअर्समध्ये माणूस एकच होता. त्यामुळे '१' म्हणजे कोण, हे कळायला कोणालाही कॉम्प्युटर लागला नाही.

रविवारी सकाळी मी फ्लॉपींचा डबा घेऊन पोचले तर गेटासमोर चाळीस-पन्नास माणसं मांडी घालून बसलेली. सुट्टी असून आलेली. मला आधी वाटलं सत्यनारायण आहे. वॉचमन कुजबुजला की मॅडम, तुम्हीच करायला आलाय ना टर्मिनेशन, तर मागच्या मागे जा. मी सबंध कारखान्यात कोणाला ओळखत नव्हते आणि सबंध कारखाना माझ्याकडे खाऊ की गिळू अशा नजरेने बघत होता.

खुलासा व्हायला अर्धा तास गेला. शेवटी मी पिशवीतून ती दोन बुचं काढून युनियनच्या पुढाऱ्यांच्या तळहातावर ठेवली आणि म्हटलं, हेच ते टर्मिनेशन. त्यांनी बूच उलटसुलट करून बघितलं, वास घेतला, मागच्याला दिलं. ते हातोहात शेवटच्या रांगेपर्यंत गेलं आणि मग जो हशा पिकला तो बराच वेळ थांबेना. मीही हसले. सगळ्यांत जास्त मीच हसले, कारण त्या नोटिशीतली चूक मला फार आवडली होती. ऑफिसरसाहेब तेवढे खिडकीत गंभीर उभे होते. मी मनात त्यांची कीव केली.

हसला नाही तो स्टोअर्समधला माणूस. खाडीकाठच्या कोळीवाड्यातले काका, पन्नाशी उलटलेली, बुशकोटाच्या खिशात दोन पेनं. बूच फिरत फिरत त्यांच्या हाती आलं तेव्हा ते उठून माझ्यापाशी आले.

"ताई, हा लावला तरी माझी नोकरी ऱ्हाते ना?"

"राहते, काका. माझा शब्द आहे," मी म्हटलं.

ते मागे वळून पुढाऱ्यांना म्हणाले की ताईंनी शब्द दिलाय, गेट सोडा. लोकांनी गेट सोडलं.

अपग्रेड दिवसभर चाललं. फ्लॉपी घाला, काढा, पुढची घाला. सव्विसावी फ्लॉपी वाचायला मशीनने साफ नकार दिला. ती पुसून, फुंकून, उदबत्तीवाल्या श्रद्धेने पुन्हा घातली तेव्हा कुठे गाडी हलली. काका मागे स्टुलावर बसून होते. संध्याकाळी स्टोअर्सच्या पडद्यावर पहिल्यांदा अक्षरं उमटली तेव्हा त्यांनी मला वर्तमानपत्रात बांधलेला सुका जवळा दिला. आमच्या शाकाहारी घरात आईने ती पुडी दारातून आत येऊ दिली नाही.

मग खरं काम सुरू झालं. काकांचा माल मशीनमध्ये भरायचा होता आणि तो कुठल्याच वहीत धड नव्हता. वह्या होत्या, पण त्यांत 'मोठा वाकडा', 'मधला वाकडा' आणि 'साहेबांचा वाकडा' अशा नोंदी. तीन आठवडे काका बोलत होते आणि मी टाइप करत होते. कुठलं बेअरिंग कुठल्या मांडणीच्या मागच्या अंगाला आहे, कुठला पाइप कशाच्या ऐवजी चालतो, कुठला वॉशर, काकांच्या भाषेत वायसर, कुठल्या डब्यात आहे, कुठल्या खोक्यावर एक लिहिलंय आणि आत दुसरंच आहे. ते डोळे मिटून सांगत. मी उठून बघायला गेले की माल तिथेच असे. मी म्हणायचे, काका, तुम्हीच सर्व्हर आहात, आणि ते लहान पोरासारखे खूश होत. एकदा म्हणाले की घरी बायकोला सांगितलं, आता माझं डोकं कॉम्प्युटरमध्ये टाकतायत. आम्ही दोघांनी हा विनोद समजून चहा मागवला.

चार महिन्यांनी सॉफ्टवेअरची एक दुरुस्ती टाकायला गेले तर काका नव्हते. अकाउंट्समधले एक गृहस्थ स्वतःच्याच टेबलावरून स्टोअर्स बघत होते आणि माल काढायला लागेल त्या खात्यातला कामगार जात होता. सगळं सुरळीत चाललं होतं. काकांनी स्वेच्छेने निवृत्ती घेतली, असं मला सांगण्यात आलं. डिस्पॅचच्या क्लार्कचीही इच्छा त्याच आठवड्यात झाली होती.

मी तावातावाने पर्सोनेल ऑफिसरांच्या केबिनमध्ये शिरले. तुम्ही लोकांना फसवलंत, मलाही फसवलंत, असं बरंच काही बोलले. त्यांनी शांतपणे फाइल काढली, आमचं प्रपोजल उघडलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. नेटवर्कमुळे होणारी मनुष्यबळाची बचत, स्टोअर्स १, डिस्पॅच १. खाली साहेबांच्या वतीने माझी सही.

"मॅडम, त्या नोटिशीला सगळे हसले," ते म्हणाले. "मी तुमचे दोन्ही कागद वाचून लिहिली होती. आकडे तेच, खाती तीच. मला वाटलं, तुम्ही तारीख कळवलीत."

मी ती ओळ कितीतरी कारखान्यांसाठी टाइप केली होती. कधी एक, कधी दोन, खात्यांची नावं बदलून. एकदाही वाचली नव्हती. त्या सबंध कारखान्यात माझं इंग्रजी ज्या एका माणसाला बरोबर कळलं होतं, त्याचीच मी चार महिने जागोजागी नक्कल करून दाखवत होते.

काका त्याच आठवड्यात कसल्याशा फॉर्मवर शिक्का घ्यायला आले आणि गेटाबाहेर भेटले. बुशकोट इस्त्रीचा होता. मी तोंड चुकवायच्या बेतात होते, पण त्यांनीच हाक मारली. घरी सगळे बरे आहेत का विचारलं. मशीन नीट चालतंय का, तेही विचारलं. मग म्हणाले, "ताई, एक सांगा. तुमाला म्हाईत होता का?"

हो म्हटलं असतं तर मी खोटारडी ठरत होते. मी खरं ते सांगितलं. म्हटलं, नाही काका. कागद मीच टाइप केला, सहीही मीच केली, पण वाचला नव्हता. मला वाटलं होतं, हे ऐकून त्यांना बरं वाटेल.

काका रागावले नाहीत. रागावले असते तर मीही काहीतरी बोलून सुटले असते. त्यांना बहुतेक माझं म्हणणं खरंच समजत नव्हतं.

"चोवीस वरसांत," ते म्हणाले, "न मोजता मी एका वायसरवर पन सही नाय केली."