दाजींना कसली हरकत?

गल्लीत तिला सगळे तक्रारताई म्हणतात. ती कुणाची तक्रार करत नाही हो. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत बसून लोकांच्या तक्रारी घेते. खोली एवढीशी, दोन खिडक्या, त्यातली एक खिळे ठोकून बंद. नवऱ्याचं दुकान बसल्यापासून सगळं घर तिच्या त्या एका खुर्चीवर टेकलेलं. खुर्ची गेली की घर गेलं, हे तिला झोपेतही ठाऊक.

तक्रार आली की कॉम्प्युटरवर तिची नोंद होते, तिला म्हणतात तिकीट. आत माणूस अडकला असेल तर सॉफ्टवेअरमधला पहिला नियम तिकिटावर 'तातडी' असा शिक्का मारतो. तातडी दिसली की दुसरा नियम मेकॅनिकला निरोप धाडतो. ऐकायला झकास! पण सॉफ्टवेअर महाहट्टी. एका नियमानं केलेल्या कामाकडे दुसरा नियम ढुंकूनही बघत नाही. मध्ये तिकिटाला माणसाचा हात लागला तरच तो हलतो. नाहीतर म्हणे नियम एकमेकांना उठवत गरगर फिरत बसतील. त्यामुळे ताई डबा खायला उठली, की कुणीतरी लिफ्टमध्ये ताटकळलंच. एकदा एक म्हातारी आत रडत राहिली, तेव्हापासून ताईच्या घशाखाली घास उतरेना.

मग तिनं शक्कल लढवली. कॉम्प्युटरवर एक खोटाच कर्मचारी उभा केला. नाव काय द्यावं? बहिणीचा नवरा आठवला, जन्मात इकडची काडी तिकडे न केलेला. ठेवलं 'दाजी'! पहिला नियम दाजींना मेल करी आणि दाजींच्या खात्यातून आपोआप उत्तर जाई: "पाहिलं. माझी हरकत नाही. पुढे चालू द्या." ते तिकिटावर चिकटलं, की सॉफ्टवेअरला वाटे, आला बाबा माणूस! दुसरा नियम खडबडून जागा होई. ताई पोटभर जेवू लागली.

पण साहेब बसतात दूर मुख्य कचेरीत. या खोलीचं त्यांनी दारही पाहिलेलं नाही. कोण किती उत्तरं देतो तेवढं बघतात. एक माणूस कमी करायची वेळ आली, तेव्हा त्यांनी दाजींना मेल केला: "तुमचं काम अफाट आहे. सगळं तुमच्यावर सोपवून बाईंना काढावं म्हणतो. तुमचं मत?"

दाजींनी तत्काळ कळवलं: "पाहिलं. माझी हरकत नाही. पुढे चालू द्या."

काढल्याचा मेल वाचून ताईनं तडक साहेबांना फोन लावला. "साहेब, दाजी म्हणजे मीच आहे हो!"

"बाई, नोकरी जाताना माणूस काहीही बोलतो."

"तो माणूसच नाही, साहेब! आत्ता त्याला शिवी लिहून पाठवा, तरी हरकत नाही म्हणेल."

पलीकडे बटणं वाजली. साहेबांनी काय लिहिलं देव जाणे, पण दाजींची त्यालाही हरकत नव्हती.

"बाई, दाजींसारखा माणूस कंपनीत दुसरा नाही, असं मी वर कळवून बसलोय. आता कुठल्या तोंडानं फिरवू?"

"मग मी काय करू? घरात कमावणारं दुसरं कुणी नाही. पाया पडते, साहेब!"

"बाई जातील, दाजी राहतील. नाव मी जुळवून घेतो. तुम्ही दाजी म्हणून बसा."

"आणि माझी इतक्या वर्षांची नोकरी?"

"दाजी नवे आहेत ना! पगारही नव्या माणसाचाच. आणि ते आपोआप उत्तर आधी बंद करा. उद्या वरचे मला काढायचं विचारतील, आणि हा मेला हो म्हणून बसेल!"

'नाही' तिच्या ओठांवर आलं होतं. पण घरी जाऊन काय सांगणार? ती "बरं" म्हणाली.

तिनं आपोआप उत्तर बंद केलं आणि डबा उघडला. तोच तिकीट आलं: लिफ्टमध्ये दोघं अडकलेत, एकीला धाप लागलीय. ताईनं घास तसाच खाली ठेवला, हात साडीला पुसले आणि दाजींच्या नावानं, स्वतःच्या बोटांनी लिहिलं: "पाहिलं. माझी हरकत नाही."