केतकीचं केळवण आणि माझं समुपदेशन

आपल्या शरीरावर प्रेम कसं करावं, हे मी लोकांना फी घेऊन शिकवते. नाशिक रोडला माझं समुपदेशन केंद्र आहे. घरच्यांना हाच सल्ला फुकट मिळतो, त्यामुळे तो कोणी घेत नाही.

पुतणी केतकीचं लग्न ठरलं आणि तिने जेवण सोडलं. फोटोत बारीक दिसायचं होतं ना! परवा जिन्यातच चक्कर येऊन खाली बसली. तिची आई, म्हणजे माझी धाकटी जाऊ सुनंदा, रडकुंडीला आली.

"ताई, तुम्ही तरी बोला तिच्याशी. तुमच्याकडच्या केळवणाला पोरीने चार घास खाल्ले तरी पुष्कळ!"

मी लगेच कामाला लागले. फॅमिली ग्रुपवर फर्मान काढलं: केळवणात कोणीही कोणाच्या अंगकाठीवरून बोलणार नाही. जाडी झालीस, वाळलीस, सुटलीस, सगळं बंद!

परिणाम? पाहुणे आले आणि मुके बसून राहिले. आमच्याकडे नमस्कारानंतरचं पहिलं वाक्यच ते असतं! विंचूरच्या आत्याबाई तर भडकल्याच.

"रोडावली नाय म्हणायचं, सुटली नाय म्हणायचं, मंग बोलायचं तरी काय?"

"मनातलं बोला, आत्याबाई."

"मनात तेच हाय ना!"

शेवटी सगळे कांद्याच्या भावावर बोलले. (तो वाढला, असं उघड म्हणता येत होतं.)

केतकी पाटावर बसली. समोरच्या पुरणपोळीकडे ती साप बघावा तशी बघत होती. मी औक्षणाला वाकले आणि... थांबा, एक किरकोळ तपशील राहिला. पैठणीतून पोट दिसू नये म्हणून मी आत एक घट्ट पट्टा घातला होता. (दोन साइज लहान. शरीराचा स्वीकार हळूहळूच करायचा असतो!) वाकताच तो गुंडाळत वर सरकला आणि बरगड्यांखाली अडकला. श्वास बंद! हातातलं ताम्हन थरथरायला लागलं.

"काकूंना भरून आलं," कोणीतरी म्हणालं. झालं, सगळ्यांनी डोळे पुसले.

केतकीने मात्र माझा चेहरा पाहिला, ताम्हन काढून घेतलं, मला आतल्या खोलीत ओढलं आणि दार लावलं.

"काकू, कात्री कुठेय?"

"शिलाई मशीनवर... जपून काप गं, महागाचा आहे!"

कर्रकन पट्टा फाटला आणि माझं पोट आपल्या जागी आलं. केतकी पलंगावर लोळून हसली आणि हसता हसता रडायलाच लागली.

"म्हणजे, तुम्हालाही जमत नाही?"

इतक्या वर्षांची प्रॅक्टिस मी बाजूला ठेवली. "नाही गं," मी म्हटलं, "अजिबात नाही जमत." आणि खरं सांगते, फार हलकं वाटलं.

तिने नाक पुसलं. "चला. मला जाम भूक लागलीय."

बाहेर येऊन तिने तुपात भिजवून दोन पोळ्या खाल्ल्या आणि तिसरी मागितली! सुनंदाने भर पंगतीत माझे हात धरले.

"ताई, आत काय सांगितलंत हो तिला? पोरगीच बदलली!"

मी पदर पोटावरून नीट ओढून घेतला आणि गंभीर आवाजात म्हणाले, "ते नाही सांगता येणार, सुनंदा. समुपदेशनात गोपनीयता पाळावी लागते."